उताणा तळहात

माझ्या नोकरीच्या कागदावर उर्दूत माझा हुद्दा 'जर्राह' असा लिहिलेला होता. राज्य निजामाचं, त्यामुळं दवाखान्याचे सगळे कागद उर्दूत. जर्राह म्हणजे जखमा धुणारा, पट्ट्या बांधणारा. पुढं राज्य बदललं आणि त्याच कामाला ड्रेसर म्हणू लागले. बोळे, कात्री आणि चिमटा तेच राहिले.

घरचा धंदा आमचा न्हाव्याचा. दवाखान्यात मला घेतलं ते ऑपरेशनच्या आधी रोग्यांचे केस उतरवायला. हात हलका आहे म्हणून हळूहळू पट्ट्यांवर बसवलं. नोकरीला निघालो तेव्हा वडिलांनी आपल्या धोकटीतला आरसा मला दिला. सरकारी नोकरीवर त्यांचा भरवसा नव्हता. आरसा जवळ असला की माणूस उपाशी मरत नाही, असं त्यांचं मत. चांगला वीतभर लांब, लाकडी चौकटीचा आरसा होता. मी तो ड्रेसिंगच्या खोलीतल्या कपाटात कापसामागं ठेवून दिला.

या दिवाळी अंकवाल्यांनी मला मोठमोठ्या ऑपरेशनांविषयी लिहायला सांगितलं आहे. मोठी ऑपरेशनं डॉक्टर करतात. ड्रेसरच्या वाट्याला नंतरचे दिवस येतात. टाके घालायला तास लागतो, ते धरतात की नाही हे कळायला आठवडे जातात, आणि तेवढे दिवस रोज सकाळी त्या माणसाच्या तोंडाकडं बघत पट्टी सोडायची असते. ईट गावचे एक म्हातारबाबा होते. त्यांच्या पायाला मी रोज नवी पट्टी बांधायचो आणि रोज ते उघड्या पायानं परत यायचे. चौकशी केली तेव्हा कळलं की कापड चांगलं म्हणून त्यांनी नातवाला टोपडं शिवायला दिलं होतं. रागवायचं तरी कुणावर? पुढच्या वेळी टोपडं घातलेला नातूच दाखवायला घेऊन आले.

एक गोष्ट मात्र हसण्यासारखी नाही, आणि ती सांगितल्याशिवाय पुढची कळायची नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षात नळदुर्गाकडचा एक लिंगायत शेतकरी आला होता. गुऱ्हाळावर उकळता रस छातीवर उडालेला. गळ्यातल्या दोऱ्यात चांदीची डबी होती आणि ती नेमकी भाजल्या जागेवर चिकटली होती. जखम धुवायची म्हणून मी कात्री घेतली आणि दोरा कापला. ताईत असेल, असं मला वाटलं. त्या डबीत त्याचं इष्टलिंग होतं. दीक्षेच्या दिवशी गुरूनं दिलेलं लिंग मरेपर्यंत अंगावेगळं करायचं नसतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. तो माणूस डबी दोन्ही हातांनी छातीशी धरून उठला आणि तशाच उघड्या जखमेनं निघून गेला. मी वेशीपर्यंत मागं गेलो, त्यानं वळून पाहिलं नाही. त्याचं पुढं काय झालं, मला आजही माहीत नाही. त्या दिवसापासून कुणाच्याही गळ्यातल्या दोऱ्याला हात लावण्याआधी मी विचारू लागलो.

दुसरी मोठी लढाई संपली आणि आमच्या दवाखान्यात डॉक्टर कादरी आले. हैद्राबादचे राहणारे, फौजेच्या इस्पितळात काढलेली वर्षं. येडशी स्टेशनवर उतरले तेव्हा बरोबर कपड्यांची एक पेटी आणि हत्यारांच्या तीन पेट्या होत्या. माणूस तापट, पण हात असा की बघत राहावं. फौजेत त्यांनी गोळ्यांनी फाटलेले चेहरे दुरुस्त केले होते.

त्यांच्या हाताखाली मला सहा महिने झाले असतील, तेव्हा मुरुमचे मलकप्पा अण्णा आले. भुईमुगाचे आणि करडईचे व्यापारी, पन्नाशीचे, अंगानं भरलेले, आवाज बाजारात घुमणारा. बरोबर बायको नीलव्वा. अण्णांना तंबाखू आणि चुना डाव्या गालात दाबून ठेवायची सवय. त्याच जागी फोड आला होता, तो बरा होईना आणि आता बाहेरून गाल दगडासारखा लागत होता. डॉक्टरांनी बोट घालून पाहिलं आणि कागदावर उर्दूत एक शब्द लिहिला: सरतान. म्हणजे कॅन्सर.

तेव्हाच्या रीतीप्रमाणं यावर दोनच वाटा होत्या. मुंबईला जाऊन रेडियम घ्यायचं, किंवा गाल कापायचा. मुंबईचं नाव काढताच अण्णांनी मान हलवली. राहिला गाल. आता हे साध्या भाषेत सांगतो. रोग जेवढा दिसतो त्याच्या भोवतीचं बोटभर चांगलं मांसही काढावं लागतं, नाही तर तो पुन्हा उगवतो. पण जास्त काढलं तर गालाला भोक पडतं. खाल्लेलं बाहेर, लाळ बाहेर, बोलणं कळत नाही, माणसं जवळ बसत नाहीत. म्हणून कापणाऱ्याचा हात आखडायचा, भोक शिवून मिटेल एवढंच कापायचा, आणि वर्षभरात रोग परत यायचा. असे परत आलेले मी पाहिले होते.

डॉक्टर कादरींचं म्हणणं वेगळं होतं. भोक बुजवता येत असेल तर कापताना हात आखडायचं कारण नाही. बुजवायचं दंडाच्या आतल्या कातडीनं. पण जाड कातडी नुसती कापून चिकटवली तर रक्तावाचून मरते. म्हणून तिची एक कड दंडालाच ठेवायची, आतून मांडीच्या पातळ कातडीचं अस्तर द्यायचं आणि बाकीच्या कडा गालाला शिवायच्या. हात डोक्यावर घेऊन प्लास्टरनं पक्का बांधायचा. तीन आठवडे दंडानं गालाला पोसायचं, मग जोड कापायचा. दोन फांद्या एकमेकींना जोडून आंब्याचं भेटकलम ज्यांनी बांधलं आहे त्यांना हे लगेच कळेल.

डॉक्टरांनी अण्णांपासून काही लपवलं नाही. स्वच्छ सांगितलं, "गोली से फटे सो गालां बहुत बनाया मैं. सरतान का ये पहिलाच है." नवं काम आहे, फसू शकतं, तीन आठवड्यांत हाताला एक हिसका बसला तरी सगळं फाटून जाईल.

अण्णांनी व्यापाऱ्यासारखं सगळं उलटसुलट विचारलं. दुखेल किती, खायचं कसं, बोलता येईल का. नाकातून नळीनं ताक आणि आंबील, बोलणं बंद, हे सगळं कबूल केलं. शेवटी विचारलं, कोणता हात? डॉक्टर म्हणाले, डावा. अण्णा उठले, पागोटं नीट केलं आणि म्हणाले, न्हाय जमत.

डॉक्टर चिडले. त्यांना वाटलं, माणूस भ्याला. मी मात्र अण्णांच्या गळ्यातला दोरा पाहिला होता. व्हरांड्यात गाठून विचारलं, अण्णा, हाताची काय अडचण आहे? ते खांबाला टेकून बसले.

"रामण्णा," ते म्हणाले. मी रामभाऊ, पण त्यांनी पहिल्या दिवसापासून मला रामण्णाच केलं होतं. "रोज सकाळी लिंग डाव्या तळहातावर घिऊन पूजा करतो म्या. आठ वर्साचा व्हतो तवापासनं एक दिस चुकला न्हाय. हात बांधल्यावर लिंग ठिवू कुठं? तोंडाला भोक पडलं तर पडू द्या. पर ही सोडून तीन आठवडं जगायचं, तर त्ये जगणं मला नगं."

नीलव्वा शेजारी उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला आणि माझ्याकडं बघितलं. उजवा हात बांधला तरी भागणारं नव्हतं, कारण भस्म आणि बेल वाहायला तो लागतो. मला नळदुर्गाकडचा तो माणूस आठवला. हेही असेच निघून जातील, आणि या वेळी कात्री माझ्या हातात नसूनही मी नुसता बघत राहीन, याची मला फार भीती वाटली. मी त्यांना चार दिवस थांबा म्हणालो. चार दिवसांत काय करणार, ते मलाच ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ड्रेसिंगच्या खोलीत स्टुलावर बसून मी माझाच डावा दंड गालाला लावून पाहिला. कोपर कानाच्या वर, पुढचा हात डोक्यावर आडवा. डॉक्टरांनी काढून दाखवलेल्या चित्रात तळवा डोक्यावर पालथा टेकवलेला होता. पण मनगट फिरवलं तर पंजाची मागची बाजू डोक्यावर टेकते आणि तळवा आभाळाकडं राहतो. हात उताणा! मी वॉर्डबॉयला हाक मारली, पट्ट्यांनी हात तसाच बांधून घेतला, तळव्यावर एक सुपारी ठेवली आणि दिवसभर दवाखान्यात तसाच हिंडलो. पेशंट हसले, सिस्टर हसली, ढोकीच्या एका बाईनं तर मला नवस बोललेला समजून नमस्कार केला. संध्याकाळपर्यंत सुपारी एकदाच पडली, तीही मी शिंकलो म्हणून. डॉक्टरांनी पाहिलं, कारण ऐकलं, मनगटावर बोट ठेवून नाडी तपासली आणि म्हणाले की टाक्यांना तळवा पालथा काय आणि उताणा काय, सारखंच.

आता मुरुमच्या मठातल्या स्वामींना विचारायचं होतं. अण्णांनी निरोप धाडला आणि चौथ्या दिवशी स्वामी आले. बारीक अंगाचे, कमी बोलणारे. मी स्टुलावर बसून पुन्हा सुपारी ठेवून दाखवली. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या. लिंग अंगावेगळं होईल का? नाही, पूजा झाली की परत गळ्यातल्या डबीत. दुसऱ्याचा हात लागेल का? नाही, अण्णाच उजव्या हातानं ठेवतील आणि काढतील. तिसरं विचारलं, डोक्यावरचं लिंग ह्यांना दिसणार कसं? पूजेत लिंगाकडं टक लावून बघायचं असतं, ते मुख्य. मी तळव्यावरची सुपारी काढून ठेवली. मग कापसामागं ठेवलेला वडिलांचा आरसा आठवला.

"आरशात दिसलेलं चालंल का, स्वामी?" मी विचारलं.

स्वामी म्हणाले, दीक्षेच्या वेळी गुरू शिष्याच्या मस्तकावर हात ठेवतो. ह्याच्या मस्तकावर ह्याचाच हात राहील, त्यात वावगं काही नाही. आणि आरशात बघणारे डोळे ह्याचेच आहेत. अण्णा लगेच त्यांच्या पाया पडले.

पण डॉक्टर आरशाचं नाव काढताच लाल झाले. त्यांच्या वॉर्डात आरसा बंद होता. फौजेत एका जवानानं पत्र्याच्या डब्यात आपलं तोंड पाहिलं आणि बांधलेला हात ओढून काढला होता. तीन महिन्यांचं काम एका हिसक्यात गेलं. पुरा बरा झाल्याशिवाय कुणीही आपला चेहरा बघायचा नाही, हा त्यांचा कायदा. "आईना नक्को," एवढंच म्हणाले.

मग मी जन्मात एकदाच डॉक्टरांना खुर्चीवर बसायचा हुकूम केला. न्हाव्याला आरसा कसा धरायचा हे शिकावं लागतं. गिऱ्हाइकाला मानेमागचं दाखवायचं असतं, कानामागचं दाखवायचं असतं, आणि नको ते दाखवायचं नसतं. मी समोर उभा राहून आरसा वर तिरपा धरला आणि त्यांना काय दिसतं ते विचारलं. चेहरा अजिबात दिसत नाही, नुसता डोक्याचा माथा दिसतो, असं म्हणाले. मग माथ्यावर हात फिरवला आणि दबक्या आवाजात विचारलं, "ये कब से?" त्यांच्या माथ्यावर रुपयाएवढं टक्कल पडलं होतं आणि ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मी म्हणालो, आमी आलेल्या गिऱ्हाइकाला हे सांगत नसतो, साहेब. ते हसले. आरसा मंजूर झाला, पण धरायचा मीच, दुसऱ्या कुणी नाही.

ऑपरेशन लांबलं. डॉक्टरांनी हात न आखडता कापलं, आणि दंड गालाला शिवला. प्लास्टर मी बांधलं, तळहात उताणा. डबीचा दोरा प्लास्टरवरून नीट घेतला. त्या सकाळची पूजा आधीच उरकली होती, आणि दुसऱ्या सकाळपासून ही नवी पूजा सुरू झाली. हाताखाली मेणकापड, म्हणजे प्लास्टर भिजू नये. अभिषेकाला पाण्याची घागर नाही. बेलाच्या पानानं दोन थेंब. अण्णा खाटेवर ताठ बसून उजव्या हातानं डबीतून लिंग काढून चाचपडत वर ठेवायचे, आणि मी पायथ्याशी उभा राहून आरसा धरायचा. त्यांचे डोळे आरशात स्थिर झाले की माझा श्वाससुद्धा हळू व्हायचा. कपाळाला भस्म नीलव्वा लावायची. तिचे तिन्ही पट्टे रोज वाकडे यायचे.

आठव्या सकाळी माझ्याकडून चूक झाली. ती चूक न्हाव्याशिवाय दुसऱ्या कुणाकडून झाली नसती. पूजा आटोपली, लिंग डबीत गेलं, अण्णांनी झालं म्हणून मान हलवली. आता आमच्या धंद्यात 'झालं' म्हटलं की हात आपोआप आरसा गिऱ्हाइकाच्या तोंडासमोर आणतो. लहानपणापासूनची सवय. मला कळायच्या आत आरसा खाली आला होता.

अण्णांनी पाहिलं. सुजलेलं तोंड, काळे टाके, नाकातली नळी, गालाला शिवलेला दंड. नीलव्वाच्या तोंडातून 'अय्यो' एवढं निघालं. मला आरसा काढता येईना. काढला तर जास्त भयंकर वाटेल, असं वाटलं. त्यांचा उजवा हात उठला. आता ओढतात, या धास्तीनं मी पुढं झालो. पण तो हात भस्माच्या वाटीकडं गेला. नीलव्वानं काढलेले वाकडे पट्टे त्यांनी पुसले, तीन बोटं भस्मात बुडवली आणि आरशात बघून सावकाश तीन सरळ पट्टे ओढले. मग तिच्याकडं बघून डोळ्यांनी हसले. मी खोलीबाहेर जाऊन व्हरांड्याच्या पायरीवर बसलो.

डॉक्टरांना मी स्वतःच जाऊन सांगितलं. त्यांनी मला उर्दूत जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दाराआड उभं राहून त्यांनी अण्णांना आरशात बघून तीन पट्टे ओढताना पाहिलं, आणि आरशाला मनाई न करता तिथून निघून गेले. पुढचे सगळे दिवस मी आरसा आधी लिंगासाठी वर धरायचो आणि मग पट्ट्यांसाठी खाली.

जोड कापला, हात सुटला, गाल राहिला. बोलता येऊ लागल्यावर मी अण्णांना विचारलं, त्या सकाळी तुम्हाला काय वाटलं?

"म्या भोक बगायच्या तयारीनं व्हतो, रामण्णा," ते म्हणाले. बोलणं जरा बोबडं होतं. "बगतो तर माजाच हात माज्या गालाला लागल्याला. त्याला काय भ्यायचं?"

पुढं राज्य बदललं. डॉक्टर कादरींची हैद्राबादला बदली झाली आणि मग त्यांचा पत्ता लागला नाही. त्यांच्यामागं आमच्याकडं ते काम कुणी केलं नाही. त्यानंतर गालाला भोक पडलेली कितीतरी माणसं मी बांधली, आणि दर वेळी वाटलं की हे बुजवता येतं, मी ते पाहिलं आहे. माझ्या हातात मात्र पट्टीच होती. या गोष्टीची रुखरुख अजून जात नाही.

अण्णांचा रोग परत आला नाही. ते पुढं बारा वर्षं जगले. आमच्या गावात कामासाठी आले की दाढी माझ्याकडूनच करून घ्यायचे. दंडाच्या आतल्या कातडीला केस नसतात, त्यामुळं डावा गाल लहान मुलासारखा गुळगुळीत होता. पहिल्या वेळी मी उजव्या गालाची दाढी करून वस्तरा पुसला, तर म्हणाले, ह्यो गाल काय परक्याचा हाय? तेव्हापासून दोन्ही गालांना साबण लावायचो आणि डावीकडं वस्तऱ्याची पालथी बाजू फिरवायचो. झालं म्हटलं की आरसा समोर. ते गाल फुगवून बघायचे आणि खूश व्हायचे.

ते गेले तेव्हा नीलव्वानं माणूस पाठवून मला मुरुमला बोलावून घेतलं. छातीच्या दुखण्यानं गेले, झोपेतच. आंघोळ घालण्याआधी मी दाढी केली. दोन्ही गालांना साबण लावला, डावीकडं पालथा वस्तरा फिरवला. नीलव्वानं तीन पट्टे ओढले, ते याही वेळी वाकडेच आले. लिंगायतांमध्ये माणसाला बसवून माती देतात. स्वामींनी अण्णांना मांडी घालून बसवलं, डावा हात पुढ्यात घेतला, तळहात उताणा केला आणि त्यावर लिंग ठेवलं. दंडावरचा व्रण तेवढ्यात मला दिसला. आरसा मी सवयीनं बरोबर आणला होता. तो पिशवीतच राहू दिला.